डॉक्टरने ट्रामाडॉल, मॉर्फीन किंवा पॅच लिहून दिलाय? घरी आणल्यावर काय काय करायचं

ऑपरेशन झालंय, हाड मोडलंय, कॅन्सर आहे किंवा कंबरेचं जुनं दुखणं आहे आणि डॉक्टरने "जरा स्ट्राँग" गोळी लिहून दिलीये, घरात असं औषध पहिल्यांदाच येतंय, अशांसाठी हे लिहितेय. मी परळ भागात मेडिकलमधे फार्मासिस्ट आहे, दिवसभर या चिठ्ठ्या वाचणं आणि लोकांच्या शंका ऐकणं हेच काम. डॉक्टर नाहीये, त्यामुळे डोस किती घ्यायचा ते मी सांगणार नाही, ते तुमच्या चिठ्ठीवर आहे. पण गडबड होते ती बहुतेक घरी गेल्यावर होते, आणि होते कारण त्या गोळीचा हिशोब घरात कुणाकडेच नसतो, सकाळी सून देते, दुपारी मुलगा देतो, रात्री पेशंट स्वतःच उठून घेतो.

पहिलं काम, हातात काय आलंय ते बघा

पट्टी उलटी करा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, मेथाडोन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, यातलं काही असेल तर ते ओपिऑइड आहे, म्हणजे अफूच्या घरातलं औषध, काही थेट अफूतून येतात काही कारखान्यात बनतात पण मेंदूत जाऊन काम त्याच जागी करतात. दुखणं कमी करतात, गुंगी आणतात, आतडी सुस्त करतात आणि डोस जास्त झाला तर श्वास मंद करतात. शेवटचं ते लक्षात ठेवा, जीव जातो तो त्याने जातो.

पट्टीवर लाल चौकट असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असते. ट्रामाडॉल आणि कोडीन हे शेड्यूल एच-१ मधे, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे, आणि त्यात आम्हाला वेगळ्या रजिस्टरमधे डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं, ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. २०१८ च्या एप्रिलपासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. तेव्हा मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर तो नखरे करत नसतो. आणि जो चिठ्ठी न बघता काढून देतो तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

मॉर्फीन तर सगळ्या मेडिकलमधे मिळतच नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर कागदपत्रं इतकी वाढली की बऱ्याच हॉस्पिटलांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं, आपल्याच देशात मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि आपलेच पेशंट तडफडतात असा प्रकार होता. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या ६ औषधांसाठी नियम सोपे केले, मान्यताप्राप्त हॉस्पिटलं ती ठेवू शकतात. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागातून, म्हणजे पेशंटचं दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागातून, खूप लोकांना मिळतं.

दुसरं, ओपीडीतून उठायच्या आधी विचारा

डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात, बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, मान्य आहे, म्हणून प्रश्न फाईलच्या मागे आधीच लिहून न्या. किती दिवस घ्यायची? किती तासांनी? मधे दुखलं तर जादा गोळी घ्यायची का, आणि दिवसात जास्तीत जास्त किती? बंद कशी करायची? पोट साफ व्हायला काय देताय?

आणि न विचारता सांगायच्या गोष्टी. किडनीचा त्रास असेल तर सांगाच, मॉर्फीनचे जे घटक किडनीतून बाहेर पडायचे असतात ते साचतात आणि नेहमीच्याच डोसने माणूस गुंगीत जातो. दमा, सीओपीडी (फुफ्फुसाचा जुना आजार), झोपेत श्वास अडकून घोरणं, लिव्हर, कधी फिट आली असेल तर ती (ट्रामाडॉलने फिट येऊ शकते), दिवस गेलेत किंवा बाळ अंगावर पितंय, दारू किती आणि किती वेळा. दारूबद्दल घरातले लोक डॉक्टरसमोर हमखास खोटं बोलतात, "कधीतरी, लग्नकार्यात". इथे तो सभ्यपणा नको.

चालू औषधं सगळी दाखवा, पिशवी घेऊन गेलात तरी चालेल. झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, या ओपिऑइडबरोबर पडल्या की दोन्ही मिळून श्वास दाबतात. नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन पण तसंच करते, ती कित्येक पेशंटना एकाच चिठ्ठीवर दिलेली असते आणि त्याला कारणही असतं, पण डॉक्टरला माहीत असून दिलेली आणि दुसऱ्या डॉक्टरने न कळता दिलेली यात फरक आहे. डिप्रेशनच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, ट्रामाडॉलबरोबर जमत नाहीत, घाम, थरथर, ताप, छाती धडधड, गोंधळल्यासारखं होणं असं होऊ शकतं.

मुंबईत अजून एक गोष्ट विचारायलाच हवी ती टीबीची. पेशंटला मल्टी ड्रग टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी असेल आणि त्यावरची लिनेझोलिड चालू असेल तर ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल दोन्ही नको. आणि साध्या टीबीतली रिफाम्पिसिन बऱ्याच ओपिऑइडचा जोर कमी करते, म्हणजे डोस बरोबर असून दुखणं थांबत नाही आणि सगळे म्हणतात पेशंट नाटक करतोय. टीबीचं औषध छातीच्या डॉक्टरकडचं, दुखण्याचं औषध हाडाच्या डॉक्टरकडचं, दोघांची फाईल वेगळी, सांगणार कोण? तुम्हीच.

तिसरं, वही

हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक हसतात. दहा रुपयांची वही घ्या, वर औषधाचं नाव आणि डोस, खाली रोज तारीख, वेळ, किती दिली, देणाऱ्याची सही, आणि दुखणं शून्य ते दहामधे किती होतं ते. आणि पट्टीत किती उरल्या तेही. गोळी देणारा माणूस एकच ठरवा, तो बाहेर गेला तर दुसऱ्याला वहीसकट चार्ज द्या. पेशंट शुद्धीत असेल, हिंडता-फिरता असेल तरी वही ठेवा, कारण या औषधाने विसरायला होतं, माणूस घेतलेली गोळी विसरून परत घेतो.

परवा एक ताई आल्या होत्या, सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वही उघडली तर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिवसातून ३ वेळा २-२, आणि खाली "ताप वाटला म्हणून डोलो" असं ३ वेळा. आता एकत्र गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं, ६ गोळ्यांचं झालं १९५०, आणि डोलो ६५० च्या ३ गोळ्या म्हणजे आणखी १९५०. एकूण ३९००. धडधाकट माणसाची दिवसाची वरची मर्यादा ४००० धरतात, बारीक, म्हाताऱ्या, लिव्हर कमजोर माणसाला त्याच्या बरंच आधी थांबावं लागतं. ताईंना वाटत होतं डोलो म्हणजे वेगळंच औषध. लिहिलेलं होतं म्हणून दिसलं, मी डॉक्टरना फोन करायला सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी डोलो बंद केली. क्रोसिन, डोलो, सर्दीच्या बऱ्याच गोळ्या, सगळ्यात पॅरासिटामॉलच असतं.

डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल देऊ नका. नुसती मॉर्फीनची गोळी साधारण ४ तासांनी असते, एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी १२ तासांनी, आणि ही एसआर गोळी कुस्करायची नाही, चावायची नाही, नळीतून द्यायला पाण्यात विरघळवायची नाही. १२ तासांचा डोस एकदम अंगात जातो. पेशंटला गिळता येत नसेल तर डॉक्टरला सांगा, दुसरे प्रकार असतात.

चौथं, पहिला आठवडा

पहिले ३-४ दिवस झोप जास्त येते, मळमळतं, तोंड कोरडं पडतं, अंगाला खाज सुटते. यातलं बहुतेक आपोआप कमी होतं, मळमळीला गोळी देतात. लघवी अडकली, विशेषतः प्रोस्टेटवाल्या आजोबांना, तर थांबू नका, फोन करा.

संडासचं मात्र कमी होत नाही. कितीही महिने घ्या, बद्धकोष्ठ राहतंच, आणि लोक लाजून सांगत नाहीत, पाचव्या दिवशी पोट फुगून उलट्या सुरू झाल्या की धावत येतात. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, बिसाकोडिल, सेना, लॅक्टुलोज, जे डॉक्टर सांगतील ते. चिठ्ठीवर नसेल तर विचारा, राहून गेलेलं असू शकतं. नुसत्या इसबगोलावर राहू नका, पेशंट आधीच पाणी कमी पितो आणि तो चोथा आत घट्ट बसतो.

गुंगी असेपर्यंत गाडी चालवायची नाही, स्कूटर पण नाही. आणि लोकलच्या दारात उभं राहायचं नाही. हे कुठल्या पट्टीवर छापलेलं नसतं पण विरार फास्टला लटकणाऱ्याला डुलकी म्हणजे काय हे सांगायला नको. रात्री उठताना चक्कर येते, म्हाताऱ्या माणसाला बाथरूमला एकटं सोडू नका.

पॅच असेल तर

फेंटानिलचा पॅच साधारण ७२ तासांचा, ब्युप्रेनॉर्फिनचा बहुतेक ७ दिवसांचा. लावल्यावर लगेच गुण येत नाही, फेंटानिलला १२ ते २४ तास लागू शकतात, तेवढ्यात "लागू पडत नाही" म्हणून दुसरा चिकटवू नका. कोरड्या, केस नसलेल्या जागी, छातीवर, पाठीवर किंवा दंडावर लावायचा, दर वेळी जागा बदलायची, आणि आधीचा काढूनच नवा. पाठीवर जुना राहून गेलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि अंगावर दोन पॅच होतात. पॅचवर पेनने तारीख लिहा.

उष्णतेने औषध जास्त झिरपतं. शेकायची पिशवी पॅचवर ठेवायची नाही, उन्हात बसायचं नाही, सणसणीत ताप आला तर डॉक्टरला कळवायचं. कापून अर्धा लावायचा नाही. आणि काढलेल्या पॅचमधे बरंच औषध शिल्लक असतं, मोठ्या माणसालाही ते धोक्याचं, आणि लहान पोराने स्टिकर समजून अंगाला लावला किंवा तोंडात घातला तर मूल जाऊ शकतं, जगात अशी मुलं गेलेली आहेत. चिकट बाजू आत दुमडा, हात धुवा, कचऱ्याच्या डब्यात उघडा टाकू नका.

धोका कसा ओळखायचा

पेशंट झोपलाय का गुंगीत गेलाय हा प्रश्न रोज विचारतात लोक. हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून बोलला, पाणी मागितलं, ठीक आहे. उठत नसेल तर चादर बाजूला करा, छाती-पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. शांत माणसाचे १२ ते २० असतात. १० च्या खाली असतील तर ताबडतोब डॉक्टरला फोन, अजिबात उठतच नसेल, श्वास ८ किंवा कमी असतील, ओठ-नखं निळसर असतील, घशात गुरगुर आवाज येत असेल, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर १०८ लावा. वाट बघू नका, "सकाळी बघू" तर अजिबात नाही. पॅच असेल तर काढून टाका. कुशीवर वळवा. तोंडात पाणी, कॉफी, लिंबू काही घालू नका, उलटी करवू नका. श्वास थांबलाच तर १०८ वाला फोनवर सांगेल तसं करत राहा. सगळ्या पट्ट्या आणि ती वही बरोबर घ्या.

हॉस्पिटलात नॅलॉक्सोनचं, म्हणजे ओपिऑइडवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन देतात, दोन-तीन मिनिटांत माणूस डोळे उघडतो, आणि घरचे म्हणतात चला आता घरी. नका नेऊ. नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि एसआर गोळी किंवा पॅचचं औषध अंगात त्यानंतरही असतं, माणूस परत गुंगीत जातो.

फक्त एक वेगळी परिस्थिती. शेवटच्या दिवसांतल्या कॅन्सर पेशंटचा श्वास आजारानेच बदलतो, तिथे काय करायचं हे पॅलिएटिव्हच्या टीमशी आधीच बोलून ठेवा, त्यांचा नंबर भिंतीवर चिकटवा.

सवय लागेल का

मॉर्फीन म्हणजे गर्दच की, असं मला तोंडावर म्हणतात लोक. बाबा गर्दुल्ले होतील या भीतीने अर्धी गोळी देतात, मग रात्रभर कण्हणं ऐकत बसतात. हे चुकीचं आहे. १९८६ मधे जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या आखून दिल्या त्यात वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे, वेळेवर घड्याळ लावून द्यायचं, दुखायची वाट बघून नाही. मॉर्फीन सुरू झालं म्हणजे आता शेवट आला असंही नाही, कित्येकजण ते घेऊन महिनोन्महिने घरचं बघतात, काहीजण तर कामावर जातात.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्याला सरावतं, एकदम बंद केलं तर नाक गळतं, जांभया, घाम, जुलाब, अंग मोडून येतं, काटा येतो. हे कुणालाही होईल, हे व्यसन नाही, म्हणून बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. व्यसन म्हणजे दुखणं नसताना बरं वाटावं म्हणून घेणं, महिन्याची गोळी पंधरा दिवसांत संपणं, "हरवली" म्हणून परत चिठ्ठी मागणं, दोन-तीन डॉक्टर धरणं. ते होतं, आणि काउंटरवरून मला ते दिसतं, बहुतेक वेळा कॅन्सरवाल्यांमधे नाही तर कंबरदुखी, डोकेदुखी, जुन्या अ‍ॅक्सिडेंटवाल्यांमधे, ज्यांना ३-४ दिवसांसाठी दिलेली ट्रामाडॉल वर्षभर चालू राहिली. जुन्या कंबरदुखीला या गोळीचा महिनोन्महिने फारसा फायदा नसतो, डोकेदुखीत तर रोजच्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. दात काढल्यावर सुद्धा पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन बऱ्याच लोकांना पुरतं, ज्यांना पोटाचा-किडनीचा त्रास नाही त्यांना, त्यामुळे डेंटिस्टने ट्रामाडॉल लिहिली तर "साधी चालेल का" विचारायला लाजू नका.

व्यसनाची शंका असेल तर आरडाओरडा करून पट्ट्या फेकू नका, एकदम बंद केल्याने हालच होतात आणि नंतर तोच जुना डोस घेतला तर तो जिवावर बेततो कारण सराव गेलेला असतो. सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन १४४४६ आहे, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी असते, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. यावर औषधोपचार आहे, नुसत्या शपथेवर सोडायची गरज नाही.

ठेवायची कुठे, संपवायची कशी

वन रूम किचनमधे औषधं फ्रिजच्या वर नाहीतर टीव्हीशेजारी डब्यात असतात, मला माहितीये. ही गोळी तिथे नको. कपाटाच्या लॉकरमधे, चावी वहीवाल्याकडे. पोरांपासून, आणि हो, पाहुण्यांपासून, बिल्डिंगमधल्या ज्या काकूंचं "माझा पण गुडघा दुखतो गं, एक दे ना" चालू असतं त्यांच्यापासून सुद्धा. १२ वर्षांखालच्या मुलाला कोडीन किंवा ट्रामाडॉल द्यायचंच नाही, काही मुलांचं शरीर त्याचं फार पटकन आणखी जोरदार औषधात रूपांतर करतं आणि श्वास थांबू शकतो. मोठ्यांच्या खोकल्याच्या काही बाटल्यांत कोडीन असतं, ते वाचून बघा, असेल तर मुलाला अर्धा चमचा पण नाही.

पावसाळ्यात आणि गणपतीत एक अडचण येते. मॉर्फीन बहुतेक हॉस्पिटलातूनच मिळतं, लोकल बंद पडली, सुट्ट्या लागल्या की शेवटची गोळी संपलेली असते आणि पेशंट बदलापूरला. ५-६ दिवसांच्या उरल्या की निघा. फाईलची झेरॉक्स आणि चिठ्ठी गोळ्यांबरोबर ठेवा, सुट्या गोळ्या पुडीत बांधून प्रवास करू नका, मूळ पट्टीतच.

उरलेल्या गोळ्या "पुढे कधी लागतील" म्हणून ठेवू नका. नेहमीची औषधं संडासात टाकू नका असं आपण सांगतो, पण यांचं वेगळं आहे, २०२५ मधे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी म्हणजे सीडीएससीओने १७ औषधांची यादी दिली, त्यात फेंटानिल, मॉर्फीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन आहेत, ती घरात पडून राहण्यापेक्षा कमोडमधे फ्लश करा असं सांगितलंय. हॉस्पिटलवाले परत घेत असतील तर ते आधी विचारा.

आणि दुबईला कुणी जात असेल तर त्याच्या बॅगेत सासऱ्यांच्या ट्रामाडॉलच्या पट्ट्या पार्सल म्हणून देऊ नका. युएईत ट्रामाडॉलवर कडक नियंत्रण आहे, स्वतःची असली तरी तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते, चिठ्ठी नावावर लागते, आणि दुसऱ्याची बॅगेत सापडली तर एअरपोर्टवर गुडघ्याची गोष्ट कुणी ऐकून घेत नाही.